शरणागतांचा कैवारी हबशी राजा

रामनवमी जवळ आली की आमच्यासारख्या कीर्तनकारापुढे दरवर्षी एक गोड संकट उभे राहते. जन्माचे कीर्तन दुपारी बाराच्या ठोक्याला व्हायचे, ते ठरलेले. पाळणा ठरलेला, सुंठवडा ठरलेला. परंतु पाडव्यापासून नवमीपर्यंतच्या उरलेल्या रात्री आख्याने कोणती लावावी? गेली चाळीस वर्षे आम्ही त्यांतील एक रात्र विभीषण-शरणागतीसाठी राखून ठेवीत आलो आहो. समुद्रतीरी वानरसेना उतरली आहे, शत्रूचा सख्खा भाऊ चार सोबत्यांसह आकाशात उभा राहून आश्रय मागतो आहे, सुग्रीव म्हणतो हा हेर असावा, याला बांधा. आणि प्रभू रामचंद्र एकेकाचे मत शांतपणे ऐकून घेऊन शेवटी आपला निर्णय देतात. वाल्मीकींनी या प्रसंगी रामाच्या मुखी कपोताची कथा घातली आहे. आपल्या मादीला पकडणारा पारधीच झाडाखाली आश्रयाला आला, तेव्हा त्या पक्ष्याने त्यालाही अतिथी मानले. त्याच ठिकाणी कण्डू ऋषींच्या शरणागतधर्माचाही उल्लेख येतो. श्रोत्यांना हे सारे पाठ असते, तरीही दरवर्षी डोळे ओलावतात.

इसवी सन २०२३ साली पाडव्याची गुढी उतरली आणि दुसऱ्याच दिवशी सायंकाळी रमजानचा चंद्र दिसला. त्या वर्षी विभीषणाच्या रात्री, पूर्वरंगात शरणागतधर्माचे निरूपण झाल्यावर, आम्ही उत्तररंगास एक वेगळे आख्यान घेतले. ते होते मक्केहून समुद्रापार पळालेल्या पहिल्या मुसलमानांचे, आणि त्यांना आश्रय देणाऱ्या हबशी राजाचे. आरती झाली, तबक फिरले, आणि एक वृद्ध गृहस्थ जवळ येऊन म्हणाले, "बुवा, राग मानू नका, पण रामाच्या मंडपात अरबस्तान कशाला?" आम्ही त्यांस म्हटले, "नाना, कथा अरबस्तानची असली, तरी धर्म कोणाचा आहे ते एकदा निवांत बसून पाहू." तो निवांतपणा त्या रात्री लाभला नाही. आज या पानाच्या निमित्ताने तो घेत आहो.

मक्का हे सहाव्या-सातव्या शतकात व्यापाराचे आणि यात्रेचे गाव होते. काबा हे तेथील देवस्थान. अरबांच्या निरनिराळ्या टोळ्यांच्या मूर्ती तेथे होत्या आणि कुरेश या टोळीकडे त्या स्थानाची व्यवस्था होती. हिवाळ्यात येमेनकडे आणि उन्हाळ्यात सीरियाकडे त्यांचे काफिले जात. इसवी सन ६१० च्या सुमारास याच टोळीतील महंमद यांनी ईश्वर एकच असल्याचे सांगण्यास आरंभ केला. पहिली काही वर्षे ही गोष्ट घरांत आणि आप्तांतच राहिली. ती उघड झाल्यावर मात्र कुरेशांच्या पुढाऱ्यांना तीत आपल्या देवांचा, पूर्वजांचा आणि मानमरातबाचा अपमान दिसू लागला.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता बोलली पाहिजे. छळ करणारे मूर्तिपूजक होते, आणि आम्हीही मूर्तिपूजक आहो. ही कथा सांगताना आमची जीभ क्षणभर अडखळते, ती याचमुळे. परंतु हिरण्यकशिपूने प्रल्हादाला कड्यावरून लोटले, तेव्हा तोही कोठल्या तरी निष्ठेच्या नावानेच लोटत होता. पोराच्या मुखी कोणते नाम होते यावरून बापाचा अपराध कमी किंवा अधिक होत नाही. हे आम्ही प्रल्हादाच्या आख्यानात सांगतो, मग येथे सांगण्यास का कचरावे?

त्या काळी मक्केत राजा नव्हता, कचेरी नव्हती, न्यायाधीश नव्हता. ज्याच्या पाठीशी त्याचे कूळ, तो सुरक्षित. महंमदांच्या मागे त्यांचे चुलते अबू तालिब उभे होते. परंतु गुलामांना आणि परक्या टोळीतून येऊन राहिलेल्यांना कोण वाली? बिलाल हा हबशी मातेचा पुत्र, गुलाम. त्याचा धनी उमय्या त्याला भर दुपारी तापल्या वाळूवर उताणा निजवी आणि छातीवर धोंडा ठेववी; तो मात्र ईश्वर एकच असल्याचे पुटपुटत राही. अबू बक्र यांनी त्याला सोडवून मुक्त केले. सुमय्या नावाच्या वृद्ध दासीला तर अबू जहलने ठार केले. इस्लामच्या इतिहासात धर्मासाठी प्राण देणारी पहिली व्यक्ती म्हणून तिचेच नाव घेतात.

आपल्या माणसांचे हे हाल पैगंबरांना थांबविता येईनात. तेव्हा त्यांनी अनुयायांस सांगितले की, समुद्रापार हबश देशात जा. तेथील राजाच्या राज्यात कोणावर अन्याय होत नाही.

हबश म्हणजे आजचा इथिओपिया आणि एरिट्रिया यांचा प्रदेश. अक्सूम ही त्याची राजधानी आणि तांबड्या समुद्रावरील अदुलिस हे बंदर. चौथ्या शतकात एझाना राजाच्या काळी हे राज्य ख्रिस्ती झाले होते. आपल्याला हा देश अगदीच परका नव्हे. पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवर्णनात अदुलिसचे नाव येते, आणि त्याच पुस्तकात आपले भडोच, सोपारा व कल्याणही येतात. इथिओपियातील देब्रे दामो येथील मठात कुशाण राजांची शंभरावर सुवर्णनाणी सापडली आहेत. आपल्या भाषेतील 'हबशी' हा शब्द याच देशाच्या नावावरून आला. जंजिऱ्याच्या मुलखाला आपले जुने लोक 'हबसाण' म्हणत, आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा आधारस्तंभ मलिक अंबर जन्माने याच देशचा. असो, तो विषय निराळा.

अधिक विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. महंमदांचा जन्म ज्या वर्षी झाला असे परंपरा मानते, त्याला अरब 'हत्तीचे वर्ष' म्हणतात. कारण त्या वर्षी येमेनचा हबशी अधिपती अब्रहा हत्ती घेऊन काबा उद्ध्वस्त करण्यास मक्केवर चालून आला होता. म्हणजे मक्केच्या बालकांना हबशी सैन्याच्या भीतीच्या गोष्टी सांगून झोपवीत असावेत, आणि त्याच बालकांपैकी काहींनी चाळिशीत आल्यावर त्याच हबश्यांच्या दारी आश्रयास जावे! विभीषण शत्रूच्या गोटातून आला म्हणून सुग्रीव दचकला होता. येथे आश्रय मागणाऱ्यांनाच शत्रूच्या गोटात शिरावयाचे होते. त्यांना एवढा धीर कशामुळे आला असावा? सुमारे ५२५ मध्ये नजरानच्या ख्रिस्ती लोकांचा धर्मासाठी संहार झाला, तेव्हा अक्सूमचा राजा कालेब समुद्र ओलांडून त्यांच्या कैवाराने येमेनात उतरला होता. ही आठवणही अरबस्तानात जिवंत होती, असे आम्हांस वाटते.

इसवी सन ६१५. सुमारे अकरा पुरुष आणि चार स्त्रिया, कोणी पायी, कोणी उंटावर, गुपचूप मक्केबाहेर पडले. त्यांत उस्मान होते आणि त्यांची पत्नी रुकय्या, म्हणजे पैगंबरांची स्वतःची कन्या. शुऐबाच्या किनाऱ्यावर योगायोगाने दोन व्यापारी गलबते लागली होती, त्यांनी अर्ध्या दिनारात या मंडळींस पलीकडे नेले. कुरेशांची माणसे मागावर किनाऱ्यापर्यंत आली. पाहतात तो गलबते निघून गेलेली.

काही महिन्यांनी खोटी वार्ता पसरली की मक्केने नवा धर्म स्वीकारला. त्या आशेने काही जण परतले आणि वेशीवर येऊन पाहतात तो छळ होता तसाच. त्यांपैकी उस्मान बिन मझऊन यांची गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते. (हे उस्मान निराळे, पैगंबरांचे जावई नव्हेत.) वलीद नावाच्या बड्या सरदाराने त्यांना आपल्या आश्रयाखाली घेतले, त्यामुळे त्यांच्या केसालाही धक्का लागत नव्हता. परंतु आपले सोबती मार खात असता आपण मात्र सुखाने हिंडावे याची त्यांना लाज वाटली. त्यांनी चारचौघांत जाऊन वलीदचा आश्रय परत केला. त्याच दिवशी लबीद कवीच्या काव्यगायनाच्या बैठकीत वाद होऊन कोणी त्यांच्या डोळ्यावर ठोसा मारला. वलीद म्हणाला की माझ्या आश्रयात राहिला असतास तर डोळा वाचला असता. उस्मानांनी उत्तर दिले की दुसरा डोळाही त्याच वाटेने जाण्यास आतुर आहे. आश्रय देणाऱ्यांच्या कथा पुष्कळ आहेत. मिळालेला आश्रय असा परत करणारा विरळा.

त्यानंतर दुसऱ्या खेपेस मोठा समुदाय निघाला. मुलेबाळे सोडून ८३ पुरुष, शिवाय स्त्रिया. त्यांचे म्होरके होते जाफर, अबू तालिबांचे पुत्र आणि अलींचे वडील बंधू. सोबत त्यांची पत्नी अस्मा. या समुदायात उम्म सलमा नावाची एक तरुण विवाहिता होती. पुढे जे दरबारात घडले त्याची हकीकत तिच्याच मुखातून आली आहे आणि आठव्या शतकात इब्न इसहाक यांनी ती आपल्या पैगंबरचरित्रात नोंदविली. मराठी वाचकांस या चरित्राची गोडी साने गुरुजींच्या 'इस्लामी संस्कृती' या पुस्तकाने पूर्वीच लावली आहे.

कुरेशांना हे सहन होण्याजोगे नव्हते. आपली माणसे परमुलखात जाऊन बसली तर व्यापारी जगात आपले हसे होईल, ही मोठी टोचणी. त्यांनी दोन वकील पाठविले. एक अम्र बिन अल्-आस, वाक्चतुर आणि कावेबाज; दुसरे अब्दुल्ला बिन अबी रबिआ. बरोबर मक्केचे उत्तम कमावलेले चामडे, कारण नजाशीला ते फार आवडे. (नजाशी हे नाव नव्हे, त्या देशच्या राजाचे ते बिरुद, या राजाचे नाव अरबी परंपरेत असहमा असे देतात.) वकिलांनी शहाणपणाने आधी एकेका धर्मगुरूची आणि सरदाराची भेट घेतली, प्रत्येकाच्या हाती नजराणा ठेवला आणि सांगितले की उद्या आम्ही राजाकडे मागणी करू, तेव्हा त्या लोकांचे काही ऐकून न घेताच त्यांना आमच्या स्वाधीन करण्याचा सल्ला तुम्ही द्यावा.

वाचकहो, या एका अटीत साऱ्या कपटाचे मर्म आहे. त्या लोकांचे ऐकून घेऊ नये! मारावे किंवा जाळावे, असे वकिलांनी मागितले नाही. त्यांना बोलू देऊ नये, एवढेच मागितले. दरबारी मंडळींनी आपल्या नजराण्यास जागून तसाच सल्ला दिला. नजाशी संतापला. इतर साऱ्या राजांना सोडून जे माझ्या आश्रयाला आले, त्यांना विचारल्यावाचून मी कोणाच्याही हाती देणार नाही, असे त्याने स्पष्ट सांगितले आणि त्यांस पाचारण केले.

बिचारे परदेशी लोक आपसांत विचार करू लागले की काय सांगावे? शेवटी ठरले की जे खरे ते सांगायचे, मग होईल ते होवो. दरबारात धर्मगुरू आपले ग्रंथ उघडून बसले होते. जाफर उभे राहिले. आम्ही अज्ञानात होतो, असे त्यांनी प्रारंभीच कबूल केले. आम्ही नातीगोती तोडीत होतो, शेजाऱ्याशी वाईट वागत होतो, आमच्यातला बळकट दुबळ्याला खाई. मग आमच्यातच एक सत्यवचनी पुरुष निर्माण झाला. त्याने एका ईश्वराची उपासना, खरे बोलणे, ठेव परत करणे, अनाथाचे धन न खाणे हे शिकविले. यासाठी आमच्या लोकांनी आमचा छळ केला. आणि तुमच्या राज्यात आमच्यावर अन्याय होणार नाही या आशेने आम्ही येथे आलो. राजाने त्यांच्या पवित्र ग्रंथातील काही म्हणावयास सांगितले. जाफर यांनी मरियमच्या नावाच्या अध्यायाचा आरंभ म्हटला. त्यात वृद्ध जकरियांना झालेल्या पुत्राचे आणि कुमारी मरियमचे आख्यान आहे. राजाची दाढी अश्रूंनी भिजली, धर्मगुरूंचे उघडे ग्रंथ भिजले. हे आणि येशूने आणलेले तेज एकाच दीपाचे आहे, अशा अर्थाचे उद्गार राजाने काढले.

ज्याने आयुष्यभर श्रोत्यांपुढे उभे राहून घसा कोरडा केला आहे, त्याला या प्रसंगी जाफरांचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही. श्रोता कोण, त्याच्या हृदयात कोणती मूर्ती बसली आहे, हे ओळखून त्यांनी आख्यान निवडले. मात्र तसे करताना पदरचा एक शब्दही बदलला नाही.

अम्र हार मानणारा नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याने नवा बाण काढला: हे लोक येशूला ईश्वराचा दास म्हणतात, विचारून पाहा! त्याचा सोबती अब्दुल्ला मात्र कळवळला. विरोधात गेले तरी ते आपलेच नातलग आहेत, असे करू नकोस, म्हणाला. पुन्हा बोलावणे गेले. या वेळी संकट खरे होते, कारण येथे गोड बोलून निभावण्यासारखे नव्हते. जाफर यांनी आपली श्रद्धा होती तशीच मांडली. येशू हा ईश्वराचा सेवक, त्याचा प्रेषित आणि मरियमच्या ठायी घातलेला त्याचा शब्द आहे, असे ते म्हणाले. राजाने जमिनीवरची एक काडी उचलली आणि सांगितले की तुम्ही म्हणता त्यात आणि येशूच्या स्वरूपात या काडीएवढेही अंतर नाही. दरबारी नाके मुरडून फुरफुरू लागले. तुम्ही कितीही फुरफुरा, असे त्यांना बजावून राजाने शरणागतांना अभय दिले, सोन्याचा डोंगर मिळाला तरी तुमच्यापैकी एकालाही दुखविणार नाही म्हणाला, आणि वकिलांचे नजराणे परत केले. ईश्वराने मला माझे राज्य परत देताना लाच घेतली नाही, मग मी का घ्यावी, हे त्याचे कारण.

या वाक्यामागे एक पूर्वकथा आहे आणि ती आयेशा यांच्या नावे सांगितली जाते. नजाशी हा बापाचा एकुलता एक पुत्र. सरदारांनी बापाला मारून चुलत्याला गादीवर बसविले. पुढे मुलगा हुशार निघतो, मोठा झाला की सूड घेईल, या भयाने त्याला बाजारात सहाशे दिरहमांना एका व्यापाऱ्यास विकून टाकले. त्याच सायंकाळी वीज पडून चुलता मेला. त्याच्या मुलांत एकही राज्य चालविण्याजोगा निघेना. तेव्हा सरदार धावत गेले, व्यापाऱ्याकडून पोर ओढून आणले आणि मुकुट घातला. व्यापारी पैशांसाठी दारी आला, सरदार देईनात. नव्या राजाचा पहिला न्याय हाच झाला, की एक तर पैसे द्या, नाही तर गुलाम धन्याच्या हाती द्या; आणि हा गुलाम म्हणजे राजा स्वतः! असा राजा, ज्याने स्वतःची विक्री पाहिली, तो चामड्याच्या नजराण्यावर माणसे विकण्यास कसा तयार व्हावा?

अभय देणे सोपे, ते पेलणे कठीण. शिबिराजाला कबुतराच्या भारंभार स्वतःचे मांस तागडीत घालावे लागले. मृच्छकटिकातील चारुदत्ताने आपल्या जिवावर उठलेल्या शकारालाही तो शरण येताच सोडले. नजाशीलाही किंमत मोजावी लागली. एक प्रतिस्पर्धी उठला आणि नील नदीच्या पलीकडे लढाई झाली. शरणागत ईश्वरापाशी राजाच्या जयाची करुणा भाकीत अलीकडे बसले. त्यांच्यातला सर्वांत तरुण झुबैर फुगविलेली पखाल छातीशी बांधून नदी पोहून गेला आणि विजयाची वार्ता घेऊन वस्त्र हालवीत परतला. अन्य एका प्रसंगी प्रजाच बिथरली की तुम्ही आमचा धर्म सोडलात. राजाने प्रथम शरणागतांसाठी नावा सज्ज केल्या आणि मी हरलो तर निघून जा असे कळविले. मग त्याने आपली श्रद्धा एका पत्रावर लिहून अंगरख्यात छातीपाशी ठेवली, आणि लोकांना येशूविषयी त्यांचे मत विचारून, हात अंगरख्यावर ठेवून, येशू याहून निराळा नव्हता असे म्हटले. लोक समजले की आपल्याच मताला रुकार मिळाला! धर्मराजाचे अश्वत्थाम्याविषयीचे वाक्य येथे कोणास आठवेल. आमच्या मते दोहोंत भेद आहे. धर्मराजाच्या शब्दाने एकाचे शस्त्र गळून त्याचा प्राण गेला; नजाशीच्या शब्दाने उपसलेली शस्त्रे म्यान झाली.

इसवी सन ६२२ मध्ये पैगंबर मदिनेस गेले. हबश देशातील पुष्कळ जण मात्र ६२८ पर्यंत तेथेच राहिले. तेरा वर्षांचा परदेशवास काही थोडा नव्हे. जाफर-अस्मांचा पुत्र अब्दुल्ला तेथेच जन्मला. अबू सुफियान या कुरेश-पुढाऱ्याची कन्या उम्म हबीबा हिच्या पतीने तेथे ख्रिस्ती धर्म घेतला आणि तो तेथेच वारला. ती मात्र आपल्या श्रद्धेवर राहिली. पुढे पैगंबरांशी तिचा विवाह नजाशीनेच लावून दिला आणि चारशे दिनारांचा मेहर स्वतः भरला. मुलीच्या बापाची जागा जणू त्यानेच घेतली.

शेवटी राजाने दोन गलबते देऊन सर्वांना परत धाडले. मंडळी पोहोचली तेव्हा खैबरचा विजय नुकताच झाला होता. पैगंबरांनी जाफरांच्या कपाळाचे चुंबन घेतले. विजयाचा आनंद मोठा की जाफर आल्याचा, हे त्यांना सांगता येईना. पुढल्याच वर्षी जाफर मूता येथील लढाईत पडले. अस्मांना एकदा उमर म्हणाले की मदिनेस आम्ही तुमच्या आधी आलो, म्हणून मान आमचा अधिक. त्या माऊलीला राग आला. तुम्ही पैगंबरांच्या जवळ होता, ते तुमच्यातल्या भुकेल्याला खाऊ घालीत. आम्ही दूर परक्या मुलखात भीतीत राहिलो, असे तिने सुनावले आणि गाऱ्हाणे थेट पैगंबरांकडे नेले. त्यांनी निर्णय दिला की उमरांची हिजरत एक, गलबताच्या मंडळींच्या दोन. अस्मा सांगतात की तेव्हापासून ती सारी माणसे थव्याथव्याने येऊन हे वाक्य पुन्हा पुन्हा ऐकून जात.

वकील म्हणून आलेला तो अम्र पुढे स्वतःच नजाशीच्या दरबारी इस्लामकडे वळला, अशी परंपरा आहे. इजिप्त जिंकणारा सेनानी तो हाच. नजाशी सुमारे ६३० मध्ये वारला. त्या दिवशी पैगंबरांनी मदिनेत लोकांना रांगेत उभे करून, देह समोर नसताना, त्याच्यासाठी अंत्यप्रार्थना केली. राजा मनाने मुसलमान झाला होता असे मुसलमान मानतात. इथिओपियात तिग्राई प्रांतात नेगाश नावाचे गाव आहे. तेथे त्याचे आणि काही शरणागतांचे स्थान म्हणून लोक यात्रेस येतात. २०२० च्या अखेरीस तेथील युद्धात त्या मशिदीवर तोफगोळे पडले आणि तिची मोठी नासधूस झाली. तिग्राईतील हजारो लोक त्याच सुमारास सुदानच्या सीमेकडे पळत होते. ज्या भूमीने एके काळी पळालेल्यांना थारा दिला, तिच्याच लेकरांवर पळण्याची पाळी आली होती.

नानांच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले की नाही, ते त्यांनीच ठरवावे. नानांना मूर्ती प्रिय आहेत, म्हणून एक गोष्ट त्यांच्यासाठी राखून ठेवली होती. इसवी सन ६३२ मध्ये पैगंबर शेवटच्या दुखण्याने अंथरुणाला खिळले होते. उशापायथ्याशी बसलेल्या स्त्रियांत उम्म सलमा आणि उम्म हबीबा या दोघीही होत्या. बोलता बोलता त्यांनी हबश देशातील मरियमच्या देवळाची गोष्ट काढली. ते किती सुंदर होते आणि आत कशी चित्रे होती, याचे वर्णन त्या इतरांना करू लागल्या. पैगंबरांना समाधींवरील देवळे आणि त्यांतील चित्रे मान्य नव्हती, आणि त्या दुखण्यातही डोके उचलून त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. दोघी गप्प झाल्या असाव्यात. परंतु ज्या देवळाच्या गावी त्या तरुणपणी भीत भीत उतरल्या होत्या, त्याच्या भिंती त्यांना इतक्या वर्षांनी जशाच्या तशा आठवत होत्या.